माहिती नोंद: सुषमा वाघ

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास, सकाळचे पेशंट संपत आले असताना, धम्मपाल इंगळे जिन्याचा कठडा धरत वर आला आणि तपासणीच्या खोलीत येऊन त्याने सुषमासमोर एक कागद ठेवला. ती यंत्राच्या तारा स्पिरिटने पुसत होती. चार महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच पलंगावर तिने त्याच्या हातापायांच्या नसा तपासल्या होत्या. तेव्हापेक्षा त्याची चाल बिघडली होती, हे तिला कागदाच्या आधी दिसलं. पाण्यातून चालावं तसा तो गुडघा उंच उचलत होता आणि पाऊल थपकन खाली पडत होतं. "बसा ना भाऊ," ती म्हणाली. तो बसला नाही. "ताई, हे म्या तुमाले सांगतलं होतं काय? नीट आठवा अन् सांगा."

कागद त्यांच्याच दवाखान्याचा होता. वर सरांचं नाव, डॉ. वाल्मिक बोरसे, मेंदू व मज्जासंस्था विकारतज्ज्ञ, आणि त्याखाली पदव्या. रिपोर्ट इंग्रजीत होता, पण तसले रिपोर्ट वाचण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. पेशंट गेली पंधरा वर्षं रोज मद्यपान करतो. हातापायांच्या नसांचा विकार त्यामुळेच झाला आहे. त्याच्याखाली, बारीक अक्षरात: माहिती नोंद, सुषमा वाघ. तिने ते दोनदा वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्या अंगावरचे कपडे घालून कोणीतरी कुठेतरी जाऊन आलंय, काहीतरी करून आलंय, आणि लोकांनी मात्र आपल्यालाच पाहिलंय, असं काहीसं तिला वाटलं. धम्मपाल सांगत होता. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तेच तिला सहन होईना. "भरपाईचा अर्ज केला होता कामगार खात्यात. कंपनीनं हा कागद लावला. तिथले साहेब म्हणे, तुमचा आजार दारूचा, कामाचा नाई. म्या म्हटलं, साहेब, थेंब नाई घेतला कधी. तर म्हणे, तुम्हीच सांगतलं ना दवाखान्यातल्या बाईले, तिनं लिवून घेतलं." मग तो म्हणाला, "आमच्या कोसाडच्या विहारात रविवारी वंदना मी घेतो, ताई. घेत होतो. आता पाचवं शील आलं का माणसं माझ्याकडं पाहतात. दारू घेणार नाही म्हणणारं ते शील. मी जाणं बंद केलं."

"तुम्ही नाही सांगितलं," सुषमा म्हणाली. "मी असं लिहिलेलं नाही. थांबा, सरांना विचारते." तो "विचारा" म्हणाला, कागद घडी करून खिशात घातला, आणि कठडा धरत खाली उतरला. त्याने विश्वास ठेवला नव्हता. तिच्या जागी कोणीही असती तरी हेच म्हणाली असती, आणि ते त्याला ठाऊक होतं.

सर तेव्हा शेवटचा पेशंट बघत होते. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता. फेफरं येणाऱ्या मुलीच्या आईला ते सांगत होते, कांदा नाही, चप्पल नाही, काही हुंगवायचं नाही, नुसतं कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. हे वाक्य सुषमाने हजार वेळा ऐकलं असेल. मागच्याच महिन्यात रिंगरोडवरच्या नव्या हॉस्पिटलने सरांची माहिती मागवली होती, त्यांच्या वेबसाइटसाठी, आणि ती तिनेच टाइप करून पाठवली होती. एमबीबीएस सुरत, एमडी बडोदा, डीएम मुंबई. अनुभव बावीस वर्षं. विशेष आवड: अपस्मार, नसांचे विकार. उधना, सुरत येथे सकाळी दहा ते दोन, संध्याकाळी पाच ते आठ. महिन्याच्या पहिल्या रविवारी फेफऱ्याच्या पेशंटची मोफत तपासणी. गुरुवारी नव्या हॉस्पिटलात. टाइप करताना तिला वाटलं होतं, खरं काय ते यात कुठे आहे? सरांचे वडील आणि तिचे वडील काशिनाथ एकाच कापड कारखान्यात माग चालवायचे, हे त्यात नव्हतं. बरोबरीचे डॉक्टर अठवा लाइन्सला काचेचे दवाखाने टाकत होते तेव्हा हा माणूस उधन्यात फरसाणाच्या दुकानावरच्या माळ्यावर आला आणि पाटी त्याने गुजरातीच्या बरोबरीने मराठीत लिहून घेतली, हे नव्हतं. खानदेशातली म्हातारी समोर बसली की सर तिच्याच अहिराणीत "काय व्हयनं माय?" म्हणायचे, आणि ती म्हातारी दुखणं सांगायच्या आधीच डोळ्याला पदर लावायची, ते कुठल्या रकान्यात टाइप करणार?

आणि ती स्वतः. बावीस वर्षांची होती, दीड वर्षात सासरहून परत आलेली. घरात दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. वडिलांनी हात धरून इथे आणलं. डॉक्टरांनी तिला काही विचारलं नाही. नुकतंच यंत्र आलं होतं, ते उघडत होते, तर म्हणाले, ही तार धर. आठवड्याभराने त्यांनी शर्टाची बाही वर केली, हात तिच्यासमोर पलंगावर ठेवला आणि म्हणाले, "लाव. माझ्याच हाताला लाव. दे शॉक." पहिले तीन झटके भलतीकडेच गेले, सरांची बोटं नुसतीच कळवळून वाकली, पण ते हसत होते. चौथ्या वेळी पडद्यावर रेघ उठली, डोंगरासारखी, गोल, स्वच्छ. "ही माझी नस," सर म्हणाले. "अठ्ठावन्न मीटर सेकंदाला. बघ, ठीक आहे ना डॉक्टर तुझा?" माणसाच्या आत काहीतरी इतक्या वेगाने धावतं आणि ते आपल्याला असं बघता येतं, याचं तिला त्या दिवशी रडू आलं होतं. नंतर सरांनी सगळं शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत, जुन्या रेघा समोर पसरून. दारूने नस वाळते, रेघेची उंची जाते, पण वेग बराचसा टिकतो. सोल्युशन, थिनर असलं काही रोज नाकातोंडात गेलं तर वेगही पडतो, खूप पडतो. "दारुड्याची नस हळू आवाजात बोलते, पण वेळेवर बोलते," ते म्हणाले होते. तिने वहीत लिहून ठेवलं. अहमदाबादला याचा वर्षाचा कोर्स असतो असं तिला कळलं, तेव्हा तिने विचारलंही होतं. सर म्हणाले, "तिथले तुला काय शिकवणार? कागदाचं काय एवढं, मी आहे ना." वडीलही तेच म्हणाले. ते आहेत ना.

धम्मपालची तपासणी तिला स्वच्छ आठवत होती. सुरतेबाहेर सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका रेक्झिनच्या कारखान्यात तो कापडावर चिकट सोल्युशन फासायच्या यंत्रावर होता, बंद शेडमध्ये, नऊ वर्षं. पायातली चप्पल गळून पडते आणि चार पावलं गेल्यावर कळतं, असं त्याने सांगितलं. माहितीचा कागद ती नेहमीसारखी हाताने भरत होती. दारूचा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची आणि पुरुष त्याला ठरलेली उत्तरं द्यायचे. कोणी हसायचं, कोणी बायकोकडे बघायचं, कोणी "कधीमधी, लग्नाकार्यात" म्हणायचं. धम्मपाल ताठ झाला होता. "नाई. मोठ्या अक्षरात लिवा." तिने गंमत वाटून खरंच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मग तारा लावल्या, आणि झटका दिल्यावर रेघ यायला इतका उशीर झाला की तार निघाली की काय म्हणून तिने पुन्हा बघितलं. सरांना बोलावलं. सर उभे राहून बघत राहिले आणि त्यांचे डोळे चमकले. दीड महिन्यात त्याच कारखान्यातले आणखी दोघे आले. तशाच रेघा. तिसऱ्याच्या वेळी सर दार लावून म्हणाले होते, "सुषमा, एकाच छताखालचे तिघं. कळतंय का तुला हे काय आहे? हे छापायला हवं. सरकारला कळवायला हवं." तिघांच्या रेघा त्यांनी तिच्याकडून वेगळ्या काढून घेतल्या होत्या. त्या दिवशी घरी जाताना तिला आपण कोणीतरी असल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर एका दुपारी दोन माणसं आली. पेशंट नव्हती, त्या कारखान्याकडून आली होती. सरांच्या केबिनचं दार अर्धा तास बंद होतं. जाताना त्यांतला एक जण जिन्यात थांबून फोनवर गुजरातीत कोणाला तरी सांगत होता की डॉक्टरसाहेब आपल्याच हॉस्पिटलात येणार आहेत, आपले शेठ तिथे ट्रस्टी आहेत. हे सुषमाने ऐकलं होतं. आज आठवताना ती स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत होती, की तू ऐकलं होतंस. मग सरांनी त्या तिघांबद्दल बोलणं सोडलं. तिने एकदा "सर, ते छापायचं होतं ना?" विचारलं, तर ते म्हणाले, "बघू. वेळ कुठे आहे?" ते रिपोर्ट त्यांनी स्वतःच टाइप केले, तेही तिने पाहिलं होतं. एरवी कच्चा मसुदा ती करायची. आपल्यावरचं काम हलकं केलं, असं तिने समजून घेतलं. समजून घेणं सोपं होतं. चौदा वर्षं ती सरांना समजूनच घेत आली होती.

फेफऱ्याच्या मुलीला घेऊन ती आई गेली तशी सुषमा केबिनमध्ये गेली. सर हात धूत होते. "बस. चहा सांगितलाय," ते म्हणाले. ती उभीच राहिली. "धम्मपाल इंगळे आला होता सर." सरांनी नळ बंद केला, पण वळले नाहीत. रुमालाने एकेक बोट पुसत राहिले.

"काय म्हणतो?"

"त्याने दारू पितो असं सांगितलं नव्हतं. मी 'नाही' असंच लिहिलेलं आहे."

"बस तर खरी." मग ते स्वतःच बसले. आता त्यांचा आवाज त्या म्हाताऱ्यांशी बोलतानाचा झाला होता, मऊ. "हे बघ सुषमा. तुला काय वाटतं, मला कळत नाही? त्या शेडमध्ये अडीचशे माणसं आहेत. मी खरं लिहिलं तर कारखान्याला टाळं लागेल, हे सगळे रस्त्यावर येतील, आणि शेठ पुढच्या वर्षी दुसऱ्या नावाने वापीला तेच सुरू करतील. मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. हवा बाहेर टाकणारे पंखे बसवतायत. मास्क देतायत. सोल्युशन बदलतायत. तीन माणसांच्या रिपोर्टातल्या एका वाक्यापायी अडीचशे जण नीट श्वास घेतील. हा हिशेब तुला चुकीचा वाटतो?"

सरांपुढे तिला कधीच लगेच सुचायचं नाही. पंखे खरंच बसले असतील, असंही मनात येऊन गेलं. मग तिच्या तोंडून भलतंच निघालं. "पण माझं नाव का, सर?"

सरांनी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. त्यांना या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तिथे रकाना आहे तो," ते म्हणाले. "कोणाचं तरी नाव घालावंच लागतं."

चहा आला. तिने घेतला नाही. बाहेर येऊन तारा पुसायला घेतल्या आणि त्या पुसून झालेल्या होत्या हे तिला पाचव्या तारेला लक्षात आलं. रकाना. चौदा वर्षं ती रोज सकाळी साडेनऊला येऊन त्या खोलीचं दार उघडत होती, तारा चिकटवायच्या पेस्टच्या आंबूस वासात डबा खात होती, आणि या सगळ्याला तिने मनात एक नाव दिलं होतं, ते कधी उच्चारलं नव्हतं. शिष्य, मुलगी, उजवा हात, असलं काही. आणि पलीकडून त्याचं नाव रकाना होतं. सर वाईट असते तर बरं झालं असतं. ते वाईट नव्हते. उद्या सकाळी ते पुन्हा कोणा म्हातारीचे पाय मांडीवर घेऊन टाचणीने तपासणार होते, आणि तेही खरं असणार होतं.

घरी वडिलांना सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसून रेडिओचं बटण फिरवत होते. मागाच्या खडखडाटाने गेलेले कान, तिला ओरडून सांगावं लागलं, आणि ओरडून सांगताना ते सगळं खोटं, चहाडीसारखं वाटू लागलं. काशिनाथने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "बोरसे डॉक्टर आपला माणूस शे. त्यासनामुये तू उभी शे आज."

"मी उभी आहे, दादा. तो माणूस उभा राहू शकत नाही."

म्हाताऱ्याने रेडिओ मोठा केला. ऐकू न येण्याचा त्याला असाही उपयोग होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने खोक्यातून धम्मपालचा माहितीचा कागद काढला, यंत्रातून रेघा छापून घेतल्या, आणि समोरच्या दुकानात सगळ्या कागदांच्या प्रती काढल्या. मूळ कागद परत जागेवर ठेवले. पेशंटला त्याच्या तपासणीचे कागद देणं चूक नाही, हे सरांनीच एकदा शिकवलं होतं. तरी झेरॉक्सच्या यंत्राचा हिरवा उजेड सरकताना ती दवाखान्याच्या जिन्याकडे बघत राहिली. गुरुवारी सर नव्या हॉस्पिटलात असताना ती बसने कोसाडला गेली. सरकारी आवास योजनेच्या इमारती सारख्याच दिसत होत्या, तीन जिने चुकली. दार धम्मपालच्या बायकोने उघडलं. राखी. हातात साडीला टिकल्या चिकटवायचं काम होतं, बोटांना डिंक. सुषमाने नाव सांगितलं तशी ती दारातून हललीच नाही. "तुम्हीच ना त्या? लिहिणाऱ्या?"

"मी हे लिहिलं होतं," सुषमाने कागद पुढे केला. राखीने वाचला. आठवीपर्यंत शिकलेली होती, पण इंग्रजीतलं मोठ्या अक्षरातलं ते 'नो' तिला वाचता आलं. ती एकदम दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. आतून धम्मपालने कोण आलंय विचारलं. हलक्या आवाजात, घाईघाईने ती सुषमाला सांगू लागली, जणू हे सांगायला तिला अनोळखीच माणूस हवं होतं. "यांच्या कपड्यांना वास यायचा ताई, तिखट, गोडूस. चालताना झोकांड्या जायच्या. मला आधीच शंका होती. अन् मग हा कागद आला. ते झोपले का मी त्यांचं तोंड हुंगायची. दोन महिने. त्यांना माहीत आहे. ते जागे असायचे. एका शब्दानं बोलले नाहीत." तिने डिंकाची बोटं पदराला पुसली, मग पदराकडे बघून तिला आणखीच रडू आलं.

धम्मपाल भिंतीला धरून बाहेर आला. त्याने कागद घेतला, रेघा पाहिल्या, राखीकडे पाहिलं. सुषमाला वाटलं होतं, तो आभार मानेल. बसमध्ये तिने त्याला काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. तो म्हणाला, "तुमाले तवाच माहीत होतं ना, का हे कामावरचं आहे?"

"हो."

"मंग चार महिने काहून बोलल्या नाई?"

सर बघतील असं वाटलं, हे उत्तर होतं, आणि ते त्या घरात, त्या दोघांसमोर, उच्चारता येण्यासारखं नव्हतं. "मी खात्यात येऊन सांगेन," ती म्हणाली. "तिथे येऊन सांगेन." त्याने मान हलवली. राखीने तिला पाणी दिलं आणि ती ते उभ्यानेच प्याली.

तिने सरांना आधी सांगितलं. लपवून करणं जमलं नाही. सर म्हणाले, "ठीक आहे. मग उद्यापासून येऊ नकोस." एवढंच. रागावले असते तर ती काही बोलली असती. तिने खोलीतून आपला डबा, वही आणि चपला घेतल्या. यंत्रावर नेहमीसारखं कापड टाकलं.

कामगार खात्यातली सुनावणी पंधरा दिवसांनी झाली, सकाळी अकराला. लांब टेबल, एका बाजूला अधिकारी बाई, चष्मा नाकावर आलेल्या, समोर कंपनीचा वकील, आणि त्याच्या शेजारी सर, निळ्या शर्टात. धम्मपाल आणि राखी भिंतीकडच्या बाकावर होते. सुषमाने कागद दिला, रेघा दिल्या, जे घडलं ते सांगितलं. बोलताना आवाज कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. वकील तरुण होता, अतिशय नम्र. "बेन, तमे केटलुं भणेला?"

"बारावी सायन्स."

"डिप्लोमा? सर्टिफिकेट? आ मशीन चलाववानुं?"

"नाही."

"कंई ज नहीं?" त्याने फार हळुवारपणे विचारलं. मग अधिकारी बाईंकडे वळून म्हणाला की हा कागद हाताने लिहिलेला आहे, कधीही लिहिता येतो, आणि लिहिणाऱ्या बेनना तपासणी करण्याचीच पात्रता नाही. नोकरीवरून काढलेल्या आहेत, राग असणार. सुषमा सरांकडे बघत होती. तिला पात्रता का नाही, हे त्या खोलीत तिच्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं. तो समोरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होता. त्या क्षणी तिला जे वाटलं ते रागासारखं नव्हतं. जिना उतरताना शेवटची एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे जमीनच यावी, तसा सगळ्या अंगाला धक्का बसला. मी आहे ना, ते म्हणाले होते. ते होतेच. समोरच बसले होते.

अधिकारी बाईंनी चष्मा वर केला. त्या हिंदीत म्हणाल्या, "ठीक है, पढ़ाई नहीं है. पर आप इतने साल यही काम कर रही थीं. आप कह रही हैं कि ये दारू का नहीं है. किस आधार पर?"

सुषमाने रेघांवर बोट ठेवून सांगितलं. उंची आणि वेग. दारूने काय जातं, सोल्युशनने काय जातं. ती मराठी, हिंदी, जमेल तशी गुजराती मिसळत बोलत होती आणि बोलता बोलता कुठे आहोत हेच विसरली. जुन्या दुपारी समोर कागद पसरलेले असायचे तसंच वाटू लागलं. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "ये आपको किसने सिखाया?"

"डॉक्टर बोरसे सरांनी."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, "डॉक्टर साहब, ये जो कह रही हैं, सही है?"

सरांनी बाटली सरळ केली. पंखा फिरत होता. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती, आणि आतून तिला खात्री होती की आता ते हो म्हणतील. नोकरीवरून काढणं वेगळं, रिपोर्ट वेगळा; पण ही गोष्ट त्यांची होती, त्यांच्या आयुष्यात त्यांना सगळ्यात प्रिय असलेली. त्या गोष्टीला ते नाही म्हणू शकणार नाहीत. सर गुजरातीत बोलले. तिच्याशी ते कधी गुजरातीत बोलले नव्हते आणि आताही ते तिच्याशी बोलतच नव्हते. "एवुं कंई नक्की न होय," ते म्हणाले. असं काही ठरावीक नसतं. "में एमने आवुं क्यारेय शीखव्युं नथी." मी यांना असं कधीच शिकवलेलं नाही.

बाकावर राखीने "अगं माय" म्हटलेलं तिला ऐकू आलं.

बाईंनी काही वेळ लिहिलं आणि शेवटी सांगितलं की दोन्ही बाजूंचं राहू द्या, अर्जदाराची तपासणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पुन्हा होईल, त्या रिपोर्टवर पुढे बघू. ती तपासणी होईपर्यंत दीड महिना गेला. मधल्या काळात सुषमाने तीन ठिकाणी नोकरीसाठी विचारलं. तिन्हीकडे कागद मागितला. वडील तिच्याशी गरजेपुरतं बोलत. विहारातून मात्र एका रविवारी फोन आला, धम्मपालचा, तिथे वंदना सुरू व्हायच्या आधीचा गोंगाट मागे ऐकू येत होता, त्याने फक्त तपासणीची तारीख सांगितली आणि म्हणाला, "तुमी या. तिथलं काय बोलतात ते आमाले समजत नाई."

सिव्हिलच्या त्या खोलीत तिला आत जाऊ दिलं. यंत्र नवं होतं, चालवणारी मुलगी पंचविशीतली, गळ्यात ओळखपत्र, त्यावर तिच्या डिप्लोम्याचं नाव. सुषमा भिंतीला टेकून उभी राहिली, हात पाठीमागे धरून, कारण हात समोर असते तर ते तारांकडे गेले असते. मुलीने झटका दिला. धम्मपालचं पाऊल किंचित हललं. रेघ आली, उशिरा, खूप उशिरा, पसरट. मुलगी कपाळाला आठी घालून डॉक्टरांना बोलावायला गेली. डॉक्टर आल्या, त्यांनी दोन्ही पाय, दोन्ही हात पुन्हा करून घेतले आणि धम्मपालला विचारलं, "काका, तुम्ही काम कशावर करत होता? कसला वास असायचा तिथे?" दारूचा प्रश्न त्यांनी विचारला, त्याने उत्तर दिलं, त्यांनी लिहून घेतलं. तासाभराने रिपोर्ट हातात आला. नसांचा विकार, औद्योगिक द्रावणाच्या संपर्कामुळे असण्याची दाट शक्यता. सुषमाने तो त्या दोघांना ओळीओळीने समजावून सांगितला. भरपाईचं अजून लांब होतं, वकील होता, तारखा होत्या. पण ते वाक्य गेलं होतं. धम्मपालने कागदावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. राखी त्याच्या शेजारी बसली होती. थोड्या वेळाने तिने डोकं त्याच्या खांद्याला लावलं, भर दवाखान्यात, लोकांसमोर, आणि त्याने ते तसंच राहू दिलं.

सुषमा उठून व्हरांड्याच्या टोकाला गेली. खाली आवारात रिक्षावाले भांडत होते. तिच्या आत काहीतरी भरून आलं होतं आणि ते कोणाला तरी सांगायला हवं होतं. चौदा वर्षांत अशी रेघ आली की ती धावत एकाच माणसाकडे गेली होती, आणि ती रेघ किती सुंदर आहे, किती भयंकर आहे, हे जगात त्या एकाच माणसाला कळणार होतं. फोन हातात कधी घेतला तिला कळलं नाही. दोन घंट्या झाल्या.

"बोल सुषमा," सर म्हणाले. तोच आवाज. जणू ती शेजारच्या खोलीतून बोलत होती.

"इंगळेची तपासणी झाली," ती म्हणाली. "पायाच्या नसेची सत्तावीस मीटर आली."

तिला वाटलं, त्यांनी फोन ठेवला. मग सरांनी विचारलं, "उजवा की डावा?"

"उजवा."

"आणि डावा?"

"एकोणतीस. हाताची अडतीस."

"वाटलंच होतं मला," सर म्हणाले. "पहिल्या दिवशीच म्हटलं होतं मी तुला." त्यांचा आवाज उजळला होता, बाही वर करून हात पुढे ठेवणाऱ्या त्या माणसाचा झाला होता, आपलं निदान बरोबर निघाल्याचा निखळ, लहान मुलासारखा आनंद त्यात होता, आणि तो लपवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सुषमाने फोन कानापासून दूर केला. त्यातून सर अजून बोलतच होते.